शुगर नाही, तरी शुगरची गोळी का? किडनीच्या गाळण्यांवर वण कसा धरतो

लघवीत प्रोटीन जातंय म्हणून पंचेचाळिशीचा एखादा माणूस किडनीच्या डॉक्टरांकडे जातो. उपाशीपोटी शुगर ९२, एचबीए१सी ५.४, म्हणजे मधुमेह नाही. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा रक्तातला एक टाकाऊ पदार्थ, १.४. डॉक्टर ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन लिहून देतात आणि सोबत डॅपाग्लिफ्लोझिन. घरी कुणीतरी मोबाइलवर गोळीचं नाव शोधतं, तर ती निघते मधुमेहाची. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन १.६. मग व्हायचं तेच होतं: गोळ्या बंद, आणि ‘किडनी साफ करणाऱ्या’ काढ्याचा शोध सुरू.

हा गोंधळ आता आणखी घरांत होणार आहे. डॅपाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या आणि किडनीसाठी त्या लिहून देणं सोपं झालं. शुगर नसलेल्याला ही गोळी का देतात, आणि क्रिएटिनिन थोडं वाढूनही डॉक्टर निवांत का असतात, हे कळायला किडनीतली एक गाळणी जवळून पाहावी लागते. किडनी ‘घाण साचून’ बंद पडते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा रक्ताचा दाब आणि ताण सोसणाऱ्या काही पेशी गळून जातात, त्यांच्या जागी नव्या येत नाहीत, आणि रिकाम्या जागेत वण धरतो. उपचार समजतो तो इथूनच.

## एक गाळणी, तीन थर

एका किडनीत सरासरी दहा लाख गाळण्या असतात. सरासरी म्हणायचं कारण, माणसामाणसांत यात प्रचंड फरक आहे. कुणाकडे दोन-तीन लाख, तर कुणाकडे वीस लाखांच्या वर. या गाळणीला ग्लोमेरुलस म्हणतात. व्यास साधारण ०.२ मिलिमीटर. आपण तिला गाळणीच म्हणू.

गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांतून रक्त पुढे शिरेत जातं. इथे मात्र गुच्छाच्या दोन्ही टोकांना धमनी आहे: एक रक्त आत आणणारी, दुसरी बाहेर नेणारी. दोन्ही आकसू शकतात, सैलावू शकतात. बाहेरची आकसली की आतला दाब चढतो. इतर केशवाहिन्यांत दाब पाऱ्याच्या ३५ वरून १५ मिलिमीटरपर्यंत उतरत जातो. गाळणीत तो ५० च्या आसपास टिकून राहतो. एवढ्या दाबामुळेच दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला १२० ते १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळू शकतात. अंगातला रक्तद्रव, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग, जेमतेम तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळला जातो. त्यातलं ९९ टक्के पाणी पुढच्या नळ्या परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी उरते.

रक्त आणि लघवी यांच्यामध्ये तीन थर आहेत. आतलं अस्तर भोकाभोकांचं, भोकं ७० ते १०० नॅनोमीटरची. त्यावर कोलॅजनसारख्या प्रथिनांचा पडदा, जाडी ३०० नॅनोमीटरच्या थोडी वर. आणि पडद्याच्या बाहेरच्या बाजूला बसलेल्या पेशी, पोडोसाइट. हा शब्द लक्षात ठेवावा लागेल, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांचीच आहे.

पोडोसाइटच्या अंगातून जाड फांद्या निघतात आणि फांद्यांना शेकडो बारीक पाय. एका पेशीचे पाय शेजारणीच्या पायांत एकाआड एक गुंतलेले असतात. दोन पायांमध्ये ३० ते ४० नॅनोमीटरची फट असते आणि त्या फटीवर प्रथिनांची पातळ जाळी. अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन रक्तातच राहतं ते मुख्यतः या जाळीमुळे. जाळीतलं प्रमुख प्रथिन नेफ्रिन; त्याचं जनुक १९९८ मध्ये फिनलंडमधल्या अशा बाळांच्या अभ्यासातून सापडलं, ज्यांच्या लघवीतून जन्मापासूनच प्रथिनं वाहून जात होती.

आणखी दोन पेशी ओळखून ठेवू. गुच्छाच्या मधोमध आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी, आणि गुच्छाभोवतीच्या गोल पिशवीला आतून अस्तर करणाऱ्या भित्तिपेशी. दोन्ही एरवी शांत असतात.

## सगळं अडतं ते पोडोसाइटवर

प्रौढ माणसाच्या एका गाळणीत साधारण पाच-सहाशे पोडोसाइट असतात आणि त्या विभागून नव्या पेशी तयार करू शकत नाहीत. कातडी सोलवटली तर आठवड्यात भरते, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. इथे ती सोय नाही. कारण त्यांच्या कामातच आहे. खालून सतत दाब येत असताना पडद्याला घट्ट धरून राहायचं तर पेशीच्या आतला प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा सतत ताणलेला लागतो. पेशीविभाजनासाठी हाच सांगाडा मोडून नव्याने मांडावा लागतो. मांडामांड सुरू झाली की पकड सुटते आणि पेशी लघवीत वाहून जाते. ताणाखाली काही पोडोसाइट विभागायचा प्रयत्न करतात आणि त्यातच संपतात, असंही दिसलं आहे.

एक गेली की शेजारच्या पेशी फुगून तिची जागा झाकतात. हे किती वेळा जमतं? याचं सर्वांत स्वच्छ उत्तर २००५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर, खरं तर घुशीएवढ्या पांढऱ्या उंदरांवर, झालेल्या प्रयोगाने दिलं. या प्राण्यांच्या पेशींना घटसर्पाच्या विषाची बाधा जवळजवळ होत नाही, कारण ते विष पकडणारं माणसाचं प्रथिन त्यांच्याकडे नसतं. शास्त्रज्ञांनी ते प्रथिन फक्त पोडोसाइटमध्ये घातलं आणि मग विषाचा डोस कमीजास्त करून हव्या तेवढ्या पोडोसाइट मारल्या. २० टक्क्यांपर्यंत गेल्या तेव्हा मधल्या आधाराचा भाग थोडा जाड झाला, एवढंच. २० ते ४० टक्के गेल्या तेव्हा गाळणीच्या काही भागावर वण धरला. ४० टक्क्यांच्या वर गेल्या तेव्हा वण गाळणीभर पसरला, लघवीतून प्रथिनं जातच राहिली आणि किडनीचं काम घटलं.

या प्राण्यांना मधुमेह नव्हता, मूळचं ब्लडप्रेशर नव्हतं, प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला नव्हता. फक्त पोडोसाइट गेल्या, आणि वण तोच. म्हणून मधुमेह, लठ्ठपणा, ब्लडप्रेशर, जनुकातला दोष असे वेगवेगळे आजार शेवटी बायॉप्सीत एकमेकांसारखे का दिसतात, याचं बरंचसं उत्तर इथे मिळतं.

## वण धरतो तो असा

पहिली पायरी डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पोडोसाइटचे बारीक पाय आखडून सपाट झालेले दिसतात. फटीवरची जाळी सुटते, अल्ब्युमिन गळू लागतं. या टप्प्यावर कारण दूर झालं तर पाय पुन्हा पूर्ववत होऊ शकतात. लहान मुलांच्या नेफ्रोटिक सिंड्रोममध्ये स्टिरॉइड दिल्यावर सूज उतरते आणि प्रोटीन जाणं थांबतं, ते म्हणूनच.

ताण चालूच राहिला तर पेशी पडद्यावरून सुटते. सुटलेल्यांतल्या काही लघवीत जिवंत सापडतात. म्हणजे मरून गळल्या असं नव्हे, पकड सुटून गळल्या. आता पडद्याचा तेवढा तुकडा उघडा. आतून ५० मिलिमीटरचा दाब आहेच. तो उघडा भाग बाहेर फुगतो आणि भोवतीच्या पिशवीच्या भिंतीला टेकतो.

इथून गाडी सहसा परत फिरत नाही. टेकलेल्या जागी पिशवीच्या भित्तिपेशी जाग्या होतात, सरकत गुच्छावर चढतात आणि कोलॅजन टाकत जातात. गुच्छ आणि भिंत यांच्यात चिकटणूक तयार होते. त्या जागेतून गळणारं पाणी नळीत जाण्याऐवजी भिंतीच्या थरांमध्ये घुसतं आणि चिकटणूक रुंदावते.

आतल्या बाजूला मेसँजियल पेशीही बदलतात. ताणल्या गेल्यामुळे, जास्त साखरेमुळे आणि अँजिओटेन्सिन नावाच्या संप्रेरकामुळे त्या टीजीएफ-बीटा हा रासायनिक निरोप सोडतात. अर्थ सरळ आहे: भराव घाला. जखम भरताना हाच निरोप उपयोगी पडतो. इथे तो थांबत नाही. कोलॅजन, फायब्रोनेक्टिन साचत जातं, केशवाहिन्या दाबल्या जातात, त्यांत रक्तातली प्रथिनं अडकून काचेसारखा गुळगुळीत गोळा होतो. तेवढ्या भागातून रक्त वाहणं बंद. हाच ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस. थोड्या गाळण्यांच्या थोड्या भागात असेल तर डॉक्टर त्याला एफएसजीएस म्हणतात. गाळणी पूर्ण बुजली की तिच्या पुढची नळीही वाळते आणि नळ्यांच्या मधल्या जागेत वण पसरतो.

साहजिकच कुणीही विचारेल: मग तो टीजीएफ-बीटाचा निरोपच का अडवत नाहीत? प्राण्यांत ते चांगलं जमलं होतं, १९९० पासून. माणसांत मात्र मधुमेही किडनीच्या रुग्णांना टीजीएफ-बीटाविरोधी प्रतिपिंड (अँटीबॉडी) दिलं, तेव्हा फायदा दिसेना म्हणून चाचणी मध्येच थांबवावी लागली. पोडोसाइट गळतच असतील तर नुसता भराव थांबवून काय साधणार, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. शिवाय टीजीएफ-बीटाची शरीरात इतर बरीच कामं आहेत.

## उरलेल्या गाळण्यांना दुप्पट काम

१९८२ मध्ये अमेरिकेतल्या बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला विचार आजच्या उपचारांच्या मुळाशी आहे. उंदराची एक किडनी पूर्ण आणि दुसरीचा बराचसा भाग काढला की उरलेल्या गाळण्या आपापलं काम वाढवतात: आकाराने मोठ्या होतात, त्यांतला दाब चढतो. सुरुवातीला ही सोय वाटते. काही आठवड्यांत त्या निरोगी गाळण्यांतही वण दिसू लागतो, जरी त्यांना मूळचा कोणताच आजार नव्हता.

जिल्हा परिषदेच्या शाळेत चार शिक्षकांपैकी दोघं निवृत्त झाले आणि भरती बंद असली, तर उरलेले दोघं दोन-दोन वर्ग एकत्र बसवून शिकवतात. काही वर्षं निकाल तसाच लागतो, त्यामुळे वरच्या कार्यालयाला काही बिघडलंय हे कळतही नाही. मग त्यातला एक आजारी पडतो आणि चारही वर्ग एकावर येतात. गाळण्यांचं असंच होतं, आणि एकेका गाळणीतल्या पोडोसाइटचंही. मूळ कारण थांबलं तरी आजार स्वतःच्या जोरावर पुढे सरकतो, तो या भारामुळे.

त्या शाळेचा निकाल म्हणजे आपलं क्रिएटिनिन. साधारण निम्मी क्षमता जाईपर्यंत ते अनेकांत ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहतं. ६५ वर्षांच्या बाईंचं क्रिएटिनिन १.१ असेल, तर बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर तो आकडा ठळकही छापलेला नसतो. पण वय आणि लिंग धरून काढलेला गाळण्याचा दर, म्हणजे ईजीएफआर, ५६ येतो. तीन महिने ६० च्या खाली राहिला तर तो किडनीचा जुनाट आजार. बारीक अंगाच्या, स्नायू कमी असलेल्या माणसात तर क्रिएटिनिन आणखी फसवं, कारण ते स्नायूंतूनच येतं.

भरती बंद असते ती जन्माआधीपासून. गर्भातल्या ३६ व्या आठवड्याच्या सुमारास नव्या गाळण्या तयार होणं थांबतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळात बहुधा गाळण्या कमी असतात, आणि भारतात दर पाच-सहा बाळांमागे एक बाळ असं जन्मतं. मोठेपणी त्यावर वजन, शुगर, ब्लडप्रेशर चढलं की प्रत्येक गाळणीच्या वाट्याचं काम आणखी वाढतं.

## मग किडनी दान करणाऱ्यांचं काय?

रास्त शंका. दात्याची एक किडनी काढल्यावर दुसरी काही महिन्यांत वाढते आणि एकूण गाळण्याचा दर पूर्वीच्या ६५ ते ७० टक्क्यांवर स्थिरावतो. इथे पोडोसाइटना दोन गोष्टी वाचवतात. गाळण्या निम्म्याच गेलेल्या असतात, आणि उरलेल्या निरोगी आहेत याची आधी कसून तपासणी झालेली असते. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात १५ वर्षांत दर १०,००० दात्यांमागे सुमारे ३१ जणांची किडनी निकामी झाली. तितक्याच निरोगी, दान न केलेल्या लोकांत हे प्रमाण ४ च्या आसपास होतं. धोका वाढतो, पण मुळात फार लहान आहे. मधुमेह किंवा लघवीत प्रोटीन असलेल्या नातेवाइकाला दाता म्हणून नाकारतात, तेव्हा डॉक्टर अडवणूक करतायत असं वाटतं. कारण हे आहे.

## पहिला धक्का कुठून बसतो

मधुमेहात गाळणीचं दार, म्हणजे रक्त आत आणणारी धमनी, जास्त उघडं राहतं. त्याची यंत्रणा पुढे गोळीच्या भागात येते. शिवाय जास्त साखर पडदा जाड करते आणि मेसँजियल पेशींना भराव घालायला लावते. त्यातून होणाऱ्या गोल गाठी किमेलस्टील आणि विल्सन यांनी १९३६ मध्येच वर्णन केल्या होत्या.

लठ्ठपणात गाळणी मोठी होते, पण पोडोसाइट तेवढ्याच. त्याच पेशींना जास्त पडदा झाकावा लागतो.

काहींना दोष जनुकातूनच मिळतो. पश्चिम आफ्रिकेत मुळं असलेल्या लोकांत एपीओएल१ या जनुकाचे दोन प्रकार आढळतात. निद्रारोगाच्या परजीवीपासून ते संरक्षण देतात, पण दोन्ही पालकांकडून आले तर पोडोसाइटना घातक ठरू शकतात. २०१० मध्ये हे उघड झालं. आपल्याकडच्या रुग्णांत हे कारण सहसा लागू होत नाही.

रक्तातला एखादा घटकही पोडोसाइटवर थेट हल्ला करतो. काही एफएसजीएस रुग्णांना नवी किडनी बसवल्यावर काही तासांत-दिवसांत पुन्हा प्रोटीन जाऊ लागतं, यावरून डॉक्टरांना ही शंका फार पूर्वीपासून होती. अलीकडे, २०२२ आणि २०२४ च्या अभ्यासांत, नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं अशा अनेक रुग्णांत सापडली, विशेषतः ज्यांच्या पोडोसाइटचे पाय सपाट होतात पण वण अजून धरलेला नसतो त्यांच्यात. कोणाला स्टिरॉइड लागू पडेल हे ठरवायला याचा उपयोग होईल, असं दिसतंय.

जाता जाता एक आपल्या बाजारातलं कारण. पारा असलेल्या गोरेपणाच्या क्रीम आणि काही देशी औषधं यांच्यामुळे पोडोसाइटच्या खालच्या पडद्यावर प्रतिपिंडं साचतात आणि सूज, प्रोटीन असा आजार होतो. केरळ आणि तामिळनाडूतल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले आहेत. यात क्रीम किंवा औषध थांबवलं की अनेकजण बरे होतात. म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा क्रीम, भस्मं, पुड्या सगळं सांगावं. शक्य असेल तर डबीच घेऊन जावी.

## आता ती गोळी

रोज १८० लिटर पाणी गाळलं जातं म्हणजे त्यातून सुमारे १८० ग्रॅम साखरही नळीत उतरते. ती वाया जाऊ नये म्हणून नळीच्या सुरुवातीलाच एसजीएलटी-२ नावाचं प्रथिन ९० टक्के साखर परत उचलतं, आणि साखरेसोबत मीठही. ही नळी पुढे वळसा घेऊन पुन्हा आपल्याच गाळणीच्या दाराशी येते. तिथे मीठ मोजणाऱ्या पेशी आहेत. मीठ कमी पोचलं की त्या समजतात, गाळणं कमी पडतंय, आणि आत आणणारी धमनी सैल करायला लावतात. मधुमेहात साखर जास्त, म्हणून उचलही जास्त, म्हणून शेवटी मीठ कमी. दार सताड उघडं आणि गाळणीत दाब. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या ती उचल अडवतात. मीठ पुढे पोचतं, दार आकसतं, दाब उतरतो.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या दुसऱ्या टोकाला काम करतात. अँजिओटेन्सिन बाहेर नेणारी धमनी आवळतं. या गोळ्या तो आवळ सैल करतात. एकीकडून आत येणारा दाब कमी, दुसरीकडून निचरा मोकळा. म्हणून दोन्ही प्रकार सोबत देतात. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र मात्र घ्यायची नाहीत. त्यात पोटॅशियम वाढण्याचा धोका जास्त आणि फायदा नाही.

दाब उतरला की गाळणं थोडं घटणारच. १.४ चं क्रिएटिनिन १.६ होणं म्हणजे ईजीएफआर ६३ वरून ५४ वर येणं, साधारण १५ टक्के घट. हीच ती अपेक्षित घट. पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन मूळ आकड्याच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढून थांबलं तर गोळी चालू ठेवतात. त्याहून जास्त वाढलं तर डॉक्टर कारण शोधतात: अंगात पाणी कमी आहे का, वेदनाशामक चालू आहे का, किडनीची मोठी धमनी अरुंद आहे का.

२०२० ची डॅपा-सीकेडी चाचणी शुगर नसलेल्यांसाठी निर्णायक ठरली. ४,३०४ रुग्ण, त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता. सव्वादोन-अडीच वर्षांत ईजीएफआर निम्म्याने घटणं, किडनी निकामी होणं किंवा किडनी-हृदयाच्या कारणाने मृत्यू, यांपैकी काहीतरी औषध नसलेल्या दिखाऊ गोळीवर १४.५ टक्के लोकांना झालं, डॅपाग्लिफ्लोझिनवर ९.२ टक्क्यांना. फायदा मधुमेह असलेल्या-नसलेल्या दोघांतही दिसला. शुगर नसलेल्याची साखर या गोळीने सहसा धोकादायक खाली जात नाही.

तरी ती निर्धोक नाही. लघवीतून साखर जात असल्याने जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो; स्वच्छता आणि वेळेत मलम, एवढ्याने बहुधा भागतं. जुलाब, उलट्या, पाणीही न पिता केलेला उपवास, ताप येऊन जेवण बंद, अशा दिवशी ही गोळी थांबवावी लागते, नाहीतर पाणी कमी पडतं आणि मधुमेहींच्या रक्तात आम्ल साचू शकतं. तेव्हा शुगर फार वाढलेली नसल्याने ते लक्षातही येत नाही. मोठ्या ऑपरेशनआधी साधारण तीन दिवस बंद करतात. टेल्मिसार्टनच्या गटातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, आणि त्या सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिनसोबत पोटॅशियम तपासायचंच.

गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या आत आणणारी धमनी आवळतात. बाहेरची टेल्मिसार्टनने सैल, आतली वेदनाशामकाने आवळलेली, आणि वर लघवी वाढवणारी गोळी: गाळणीत दाबच उरत नाही आणि किडनी एकाएकी बंद पडू शकते. त्यातून उन्हाळा आणि जुलाब असतील तर विचारूच नका.

## तपासणीत नेमकं काय पाहायचं

लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण, रिपोर्टवर एसीआर. सकाळची पहिली लघवी उत्तम. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० म्हणजे गळती सुरू, ३०० च्या वर म्हणजे जास्त. ताप, लघवीचा संसर्ग, पाळी, आदल्या दिवशीचा जोरदार व्यायाम यांनी आकडा फुगतो. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा वाढलेला आला तरच तो खरा धरतात. लघवीत बुडवायची साधी पट्टी सुरुवातीची गळती अनेकदा चुकवते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा ही तपासणी हवीच, क्रिएटिनिन कितीही छान असलं तरी.

सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ०.२ मिलिमीटरच्या गाळणीतला वण तिला दिसत नाही. मधुमेहात तर किडनीचा आकार बराच काळ शाबूत असतो. लघवीला फेस येणं ही खूण आहे, पुरावा नाही; जोराच्या धारेनेही फेस येतो.

बायॉप्सीत सुईने काढलेल्या तुकड्यात निदान दहाएक गाळण्या तरी हव्यात. वण ठिकठिकाणी, विशेषतः आधी खोलवरच्या गाळण्यांत असतो. तुकडा वरवरचा असेल तर एफएसजीएस चुकू शकतो. ‘२० पैकी ३ गाळण्या पूर्ण बुजलेल्या’ असं वाचून घाबरण्याआधी वय पाहावं. वयाचे निम्मे करून त्यातून दहा वजा करा. जवळपास तेवढे टक्के गाळण्या वयोमानानेच बुजतात असा पॅथॉलॉजीतला ठोकताळा आहे. साठीच्या माणसात २० टक्के, म्हणजे २० पैकी ४. तिशीच्या माणसात मात्र त्याच ३ गाळण्या चिंतेच्या.

## पाणी, काढे आणि धरलेला वण

भरपूर पाणी प्यायल्याने वण थांबतो का, याची कॅनडात चाचणी झाली. किडनीचा मध्यम आजार असलेल्या ६३१ लोकांपैकी निम्म्यांना वर्षभर जास्त पाणी प्यायला लावलं. वर्षाअखेरीस गाळण्याच्या दरात फरक आढळला नाही. मुतखड्यासाठी पाणी वेगळं, हे वेगळं. मीठ मात्र दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवल्याचा उपयोग होतो, कारण मीठ जास्त असेल तर टेल्मिसार्टनसारख्या गोळ्यांचा प्रोटीनवरचा परिणामच बोथट होतो. लोणचं, पापड, फरसाण, शेवेची भाजी, हॉटेलची ग्रेव्ही यांतून ते न मोजता पोटात जातं.

काढ्याने किडनी ‘साफ’ होण्यासाठी आत साफ करण्याजोगं काही साचलेलं नसतं. तिथे कोलॅजनचा भराव असतो.

हा भराव कधीच मागे हटत नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये आठ टाइप-१ मधुमेही रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वादुपिंड प्रत्यारोपणामुळे या सगळ्यांची शुगर पूर्ण नॉर्मल झाली होती. किडन्या त्यांच्या स्वतःच्याच होत्या. पाच वर्षांनी बायॉप्सी केली तर वण जवळपास तसाच. दहा वर्षांनी पुन्हा केली तेव्हा पडद्याची जाडी कमी झालेली, मेसँजियल भराव विरघळलेला, काहींत जुन्या गाठी नाहीशा झालेल्या होत्या. दहा वर्षं, आणि तीही इन्सुलिनशिवाय नॉर्मल शुगरची. अंशतः वण धरलेल्या गाळण्यांना एवढा वेळ मिळवून द्यायचा, यासाठी डॉक्टर दाब उतरवणाऱ्या गोळ्या लवकर सुरू करतात, ईजीएफआर ६३ असतानाच. पूर्ण बुजलेल्या गाळणीत रक्तच जात नसल्यामुळे तिच्यापर्यंत कोणतंही औषध पोचत नाही, आणि कालांतराने ती आक्रसून ऊतीत विरून जाते.